शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत आमचा वाडा आहे, मागच्या भिंतीला पोट आलंय, दुरुस्ती करता येते का?

मागचा_सोपा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलाय त्याबद्दल माफी असावी.

आमचा वाडा शनिवार पेठेत. सासऱ्यांच्या आजोबांनी घेतलेला, दोन चौकी. मागच्या चौकात पानशेतच्या पुराचं पाणी शिरलं (१९६१ चं) तेव्हा मागची भिंत बसली होती, ती सासऱ्यांनी नव्याने बांधून घेतली, बाकी सगळं जुनंच आहे, सागवानी खांब, कडीपाट, पांढऱ्या मातीच्या भिंती, वर कौलं. गेल्या पावसाळ्यात पन्हळ मधेच फुटली आणि ते आमच्या लक्षातच आलं नाही कारण त्या बाजूला कुणी जात नाही, दोन महिने सगळं पाणी भिंतीत उतरलं. आता भिंतीला चांगलं हातभर पोट आलंय आणि वरच्या तुळईचं टोक वाळवीने पोखरलंय, बोटाने दाबलं तरी भुसा पडतो.

एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं तर तो वर न बघताच म्हणाला, वहिनी हे सगळं पाडा, आरसीसी करू. शेजारचे काका म्हणाले पाडाल तर फसाल, शनिवारवाड्यामुळे इथे एक वीटही लावता येत नाही. एका ऑफिसात विचारायला गेले तर म्हणाले ही परवानगी आमच्याकडे नाही, दुसऱ्या ऑफिसात जा, तिथे गेले तर आज साहेब नाहीत.

घरात सासूबाई ८१ वर्षांच्या, मागच्या बाजूलाच त्यांची खोली. तीन भाडेकरू पण आहेत. पावसाळ्याला तीन महिने उरलेत. कुणाला नक्की माहिती असेल तर सांगा, दुरुस्तीलाही बंदी आहे का?

वाड्यातला_पाहुणा | सोमवार, रात्री ९:५५

वाचतोय. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे.

सुरखीचुना | सोमवार, रात्री १०:२०

ताई, मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतो, आर्किटेक्ट आहे. आधी एक सांगा, १०० मीटर कुठून मोजलेत? खूप लोक दिल्ली दरवाजापासून मोजतात. मोजायचं असतं ते संरक्षित हद्दीच्या कडेपासून, सगळ्या दिशांना, सरळ रेषेत. गल्लीबोळातून चालत किती पावलं होतात ते धरायचं नाही. त्याने पन्नास मीटरचा फरक सहज पडतो.

आणि सासूबाईंची खोली आजच्या आज पुढच्या बाजूला हलवा. बाकीचं नंतर.

मागचा_सोपा | सोमवार, रात्री १०:५०

दादा, आम्ही तटाच्या कोपऱ्यापासूनच मोजलंय, मुलाने नकाशावर बघितलं, साधारण सत्तर मीटर येतं. म्हणजे आतच.

सासूबाईंना हलवलं, त्या ऐकत नव्हत्या, धाकट्या दिरांनी समजावलं तेव्हा कुठे तयार झाल्या.

सुरखीचुना | सोमवार, रात्री ११:३५

बरं झालं. आता नीट लिहितो, कारण यावर इतक्या अफवा आहेत की लोक घाबरून दुरुस्तीच करत नाहीत आणि मग वाडा खरंच पडतो.

कायदा केंद्राचा आहे, १९५८ चा, प्राचीन स्मारकांचा. १६ जून १९९२ ला एक अधिसूचना निघाली, तिच्यात संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असे दोन पट्टे ठरले. तरी पुढे बरीच वर्षं समित्या नेमून १०० मीटरमध्येही परवानग्या दिल्या जात होत्या. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये ते बेकायदा ठरवलं आणि मग २०१० मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली, १०० मीटरचा नियम थेट कायद्यात आला आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण निघालं.

आता तुमच्या कामाचं. प्रतिबंधित पट्ट्यात नवीन बांधकाम नाही. पाडून पुन्हा बांधणं पण नाही, अगदी तेवढ्याच लांबीरुंदी-उंचीचं बांधतो म्हटलं तरी नाही, ते फक्त पुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी घेऊन होतं. पण दुरुस्ती आणि नूतनीकरण होतं! वाडा १६ जून १९९२ च्या आधीपासून उभा असेल तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (परवानगी देणारा सरकारी अधिकारी) अर्ज करू शकतो, २०सी कलम. त्या प्राधिकाऱ्याने १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय प्राधिकरणाकडे पाठवायचा, त्यांनी दोन महिन्यांत शिफारस करायची, ती आल्यावर एका महिन्यात परवानगी किंवा नकार द्यायचा. हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

तुमच्या कॉन्ट्रॅक्टरचं ऐकून पाडलं असतं तर तुमच्याकडे जागा राहिली असती, घर राहिलं नसतं. आणि परवानगीशिवाय बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून कळकळीने सांगतो, "पाडा" हा शब्द त्या भिंतीच्या बाबतीत कुठल्याच कागदावर लिहू नका.

खोली_नंबर_सात | मंगळवार, सकाळी ७:१५

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, राग मानू नका ताई.

मी कसब्यात एका वाड्यात भाडेकरू आहे, वडलांच्या वेळेपासून. भाडं महिना ४५ रुपये. दोन खोल्या, आठ बिऱ्हाडांत दोन संडास, तेही चौकाच्या पलीकडे. आईचा गुडघा गेलाय, रात्री दोनदा उठून ती पावसातून चौक ओलांडून जाते. आमच्या मालकांनाही वाडा ठेवायचा नाही, आम्हालाही नाही, दोघंही बिल्डरला हो म्हणायला बसलोय आणि गेली बारा वर्षं काहीच होत नाहीये कारण आम्हीही त्याच १०० मीटरमध्ये आहोत. समोरच्या गल्लीत, १०० मीटरच्या जरा पलीकडे, माझ्या मित्राचा वाडा पडला, सहा मजली झाली, त्याला वनबीएचके मिळाला, आत संडास बाथरूम सगळं. आमच्यात आणि त्यांच्यात अंतर वीस पावलांचं आहे.

ज्यांना वाडे सुंदर वाटतात त्यांनी एक पावसाळा आमच्या खोलीत राहावं. मनापासून सांगतोय, भांडायला नाही आलो.

नगारखाना | मंगळवार, सकाळी ९:०५

सातनंबर, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. पण नियमच नको असं कृपा करून म्हणू नका.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, त्या काळी १६,११० रुपये खर्च आला असं नोंदलेलं आहे. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतलं जवळपास सगळं जळून गेलं. आज आपण तिकीट काढून आत जातो तर तट, बुरूज, दरवाजे, जोती आणि कारंजांचे हौद एवढंच आहे. म्हणजे जे उरलंय ते मुळातच इतकं थोडं आहे की त्याच्या आजूबाजूची जागा हीच त्याची अर्धी ओळख. तटावरून कसब्याकडे बघा, कौलं, गच्च्या, देवळांची शिखरं दिसतात अजून. तिथे चहूबाजूंनी बारा मजली उभ्या राहिल्या तर शनिवारवाडा विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा होईल. नियम कडक झाला कारण सैल होता तेव्हा काय झालं ते आपण बघितलंय.

खोली_नंबर_सात | मंगळवार, सकाळी ९:३०

बारा मजली कोण मागतंय? आम्ही चार मागतोय. संडास मागतोय.

आणि तुम्ही ज्या कौलांचं कौतुक करताय ती आमचीच कौलं आहेत, ती फुटली की आमच्या अंथरुणावर गळतात.

काळा_कोट | मंगळवार, सकाळी ११:१०

कोर्टातून आत्ता मोकळा झालो. भाडेकरूंसाठी एक मुद्दा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. मालक करत नसेल तर भाडेकरूने लेखी नोटीस द्यायची, १५ दिवस वाट बघायची, मग स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण वर्षाला वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. सातनंबरचं भाडं ४५ म्हणजे वर्षाचे ५४०, त्याचा चौथा हिस्सा १३५ रुपये. १३५ रुपयांत एक कौलही बदलत नाही आता. त्यामुळे कायदा आहे पण पेठांमधल्या वाड्यांना त्याचा उपयोग शून्य, मालकालाही दोष देता येत नाही कारण सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून भाडं एका गवंड्याच्या दोन दिवसांच्या मजुरीइतकं पण होत नाही. भाडेवाढ करता येते वर्षाला ४ टक्के, ४५ वर ४ टक्के म्हणजे एक रुपया ऐंशी पैसे.

ताई, तुमच्यासाठी दुसरी गोष्ट. महापालिकेकडून कलम २६४ ची नोटीस येऊ शकते, धोकादायक म्हणून, पावसाळ्याआधी ती जातातच. आली तर घाबरून वाडा रिकामा करून उतरवून टाकू नका. त्या नोटिशीला लेखी उत्तर द्या की दुरुस्ती करतोय, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र जोडलंय, तात्पुरते टेकू दिलेत, दुरुस्तीचा अर्ज अमुक तारखेला केलाय. पालिकेच्या दृष्टीने धोका गेला पाहिजे आणि केंद्राच्या कायद्याच्या दृष्टीने वाडा उभा राहिला पाहिजे, दोन्ही एका वेळी सांभाळायचं आहे.

मागचा_सोपा | मंगळवार, दुपारी १:२०

वकील साहेब खूप आभार. अजून नोटीस आलेली नाही.

सातनंबर दादा, तुमचा राग का मानू? आमच्याकडे तीन बिऱ्हाडं आहेत, एक तर सासूबाईंच्या लग्नाच्याही आधीपासूनचं. त्या बिऱ्हाडातल्या काकूंनी माझ्या दोन्ही बाळंतपणांत डबे केलेत. त्यांच्यासाठी दहा वर्षांपूर्वी जिन्याखाली एक संडास बाथरूम करून दिलं, तेव्हा परवानगीचं काही माहीतच नव्हतं, आता ते वाचून धडधडतंय.

गिरगावची_मागची_गल्ली | मंगळवार, दुपारी ३:००

मुंबईची बाजू सांगते. आमचं घर खोताच्या वाडीला लागून आहे, वाडीत लहानपण गेलं. पाठारे प्रभू खोतांनी जमीन विकली, ईस्ट इंडियन (मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती) कुटुंबांनी घरं बांधली, बाहेरून लाकडी जिने, पुढे ओटला, वर मंगलोरी कौलं. आमच्यासारखी मराठी कुटुंबंही आजूबाजूला आणि अनंताश्रम खानावळ होती तोपर्यंत अख्खी मुंबई वाडीत जेवायला यायची. एकेकाळी पासष्टच्या आसपास घरं होती म्हणतात, आता तिसाच्याही खाली आलीत.

मुद्दा असा की मुंबईत १९९५ मध्ये हेरिटेजचे नियम आले, देशात पहिल्यांदा एखाद्या शहराने असे नियम केले, आणि तिथे अंतर मोजत नाहीत, घराला ग्रेड देतात. ग्रेड एक म्हणजे सीएसएमटीसारखं, जवळपास हातच लावायचा नाही. ग्रेड दोनला आतून बदल चालतात पण तपासून. ग्रेड तीन म्हणजे एकट्या घराचं मोठं महत्त्व नसलं तरी रस्त्याची शोभा ज्याने टिकते ते, तिथे बरंच करता येतं. आणि खोताच्या वाडीसारखी अख्खी वस्ती एक परिसर म्हणून यादीत. वर एक तज्ज्ञांची समिती असते ती आयुक्तांना सल्ला देते. मालकाला नियमामुळे वर बांधता आलं नाही तर त्या बदल्यात टीडीआर (तेवढा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला किंवा विकायला) मिळायची सोय पण आहे, म्हणजे निदान कागदावर तरी सरकार म्हणतं की तुझं नुकसान होतंय ते आम्हाला दिसतंय.

तरीही वाडीतली घरं गेलीच. वारसदार बारा, त्यातले आठ परदेशात, घर सांभाळायला म्हातारी एकटी. नियमाने पाडणं थांबतं हो, पण कौलं कोण शाकारणार?

नगारखाना | मंगळवार, दुपारी ३:४०

हो आणि २०१२ मध्ये मुंबईत नवी यादी आली तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी किती विरोध केला होता ते आठवतंय. सुशिक्षित, पार्कवर प्रेम करणारी माणसं, आणि तरी म्हणाली यादीत नको. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. सातनंबरचं सकाळचं वाचल्यापासून तोच विचार करतोय.

ब्रिस्टलकर | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

मी इंग्लंडात आहे, मूळचा सदाशिव पेठेचा. इथे आमचं घर कॉन्झर्व्हेशन एरियात येतं. हे १९६७ च्या कायद्याने सुरू झालं, कल्पना अशी की एकेक इमारत वाचवून उपयोग नाही, अख्खी गल्ली, झाडं, कुंपणं, छपरांची रेघ सगळं मिळून जपायचं. परसात एक बऱ्यापैकी झाड आहे, ते तोडायचं तर सहा आठवडे आधी कौन्सिलला कळवावं लागतं, माझ्या स्वतःच्या परसातलं झाड! आमच्या गल्लीत पुढच्या खिडक्या बदलायलाही परवानगी लागते, प्लॅस्टिकच्या बसवता येत नाहीत, लाकडीच वरखाली सरकणाऱ्या हव्यात. आतून मात्र मी स्वयंपाकघराची भिंत काढली, कुणी विचारलं नाही. शेजारचं घर याद्यांमध्ये वेगळं नोंदलेलं आहे, त्यांना आतलं दार बदलायलाही परवानगी, आणि तिथे विनापरवाना काम हा गुन्हाच, त्याला कितीही वर्षं झाली तरी नोटीस येऊ शकते.

पण सांगायचं हे की अर्ज करायच्या आधी एका माणसाशी बोलता येतं. थोडी फी भरून मी तासभर बोललो, त्या बाईंनी घरी येऊन खिडक्या बघितल्या आणि म्हणाल्या यातल्या चार दुरुस्त होतील, दोनच बदला. माझे निम्मे पैसे वाचले. तुमच्याकडे असं आधी बोलायला कुणी असतं का?

सुरखीचुना | मंगळवार, रात्री ८:३०

ब्रिस्टलकर, तुम्ही नेमकी नस पकडलीत. असं आधी बोलायला आपल्याकडे ठरलेलं कुणी नाही, माणूस थेट अर्ज करतो आणि मग त्रुटीचं पत्र येतं.

माझ्या मनात बरीच वर्षं असलेली गोष्ट लिहितो. १०० मीटरचा नियम वाड्याकडे बघतच नाही. तो फक्त शनिवारवाड्याकडे बघतो आणि टेप घेऊन अंतर मोजतो. त्या गोलात दोनशे वर्षांचा कोरीव खांबांचा वाडा आहे की १९८५ ची सिमेंटची बिल्डिंग आहे, दोघांना एकच नियम. आणि १०१ व्या मीटरवर उत्तम वाडा असेल तर हा नियम म्हणतो परवानगी घे आणि खुशाल पाड. मुंबईची यादी, इंग्लंडातला एरिया, हे नियम घराला बघतात, काय जपण्यासारखं आहे ते आधी लिहून ठेवतात. मला कडक नियमाचा राग नाही, न बघता केलेल्या नियमाचा आहे.

आणि गंमत नाही, खरंच सांगतो, २०१० च्या दुरुस्तीतच याचा उपाय आहे. २०ई कलम. प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी वेगळे हेरिटेज उपविधी करायचे, म्हणजे या स्मारकाभोवती उंची किती, छप्पर कसं, दर्शनी भाग कसा, गटारं-वीज-पाण्याचं काय, हे त्या त्या जागेचं बघून. केंद्राची साडेतीन हजारांवर स्मारकं आहेत, शेतात एकट्या उभ्या असलेल्या देवळाला आणि पेठेच्या मधोमध असलेल्या शनिवारवाड्याला एकच माप कसं लागेल? तेव्हा आपण मागायचं ते "नियम काढा" असं नको, "उपविधी करताना आम्हाला विचारा, घरोघरी येऊन बघा" असं हवं. उपविधींनी १०० मीटरमधली नवीन बांधकामाची बंदी उठत नाही, ती कायद्यातली आहे, हे सातनंबरना आत्ताच सांगतो, खोटी आशा नको. पण दुरुस्तीत काय काय बसतं, संडास आत घेणं बसतं का, कौलाखाली पत्रा चालतो का, हे स्पष्ट झालं तरी तुमच्या आईंचा चौक ओलांडायचा बंद होईल.

खोली_नंबर_सात | मंगळवार, रात्री ९:००

म्हणजे खोलीच्या आत संडास करता येईल? कुणीच आजवर हे सांगितलं नाही. आम्हाला फक्त "काही करता येत नाही" एवढंच माहिती.

सुरखीचुना | मंगळवार, रात्री ९:२५

आहे त्या भिंतींच्या आत, बाहेर एक इंचही न वाढवता, हे माझ्या मते नूतनीकरणात बसतं, कायद्याची व्याख्या "आहे त्या वास्तूतले बदल" अशी आहे, फक्त नवीन बांधकाम आणि पुनर्बांधणी तिच्यात नाही. पण परवानगी घेऊनच. आणि अर्ज मालकाच्या नावाने जाईल, त्यामुळे मालकांना बरोबर घ्या. आठ बिऱ्हाडांचा मिळून एकच अर्ज आणि एकच नकाशा करा.

ताई, तुमच्या जिन्याखालच्या संडासाचं वकील साहेबांना विचारून घ्या, पण नकाशात लपवू नका, आहे तसं दाखवा.

मांडवीकाठ | बुधवार, सकाळी ८:१०

पणजीहून लिहितोय. आमच्या फोंतेन्यशमध्ये (आल्तिनोची टेकडी आणि उरेंची खाडी यांच्या मधला भाग) पण कॉन्झर्व्हेशन झोन आहे. पर्यटक पिवळ्या-निळ्या भिंतींचे फोटो काढतात, पण ते रंग टिकतात कशामुळे तर पावसाळा संपला की भिंतींना नवा रंग द्यायची जुनी सवय आहे, पोर्तुगीज काळापासूनची. दरवर्षी भिंतीला हात लागतो म्हणून भेग लहान असतानाच दिसते. तुमची पन्हळ दोन महिने फुटलेली कळली नाही असं ताईंनी लिहिलंय तिथे मला हे आठवलं. दोष देत नाही हां ताई. पण कायदा काहीही असो, दर दिवाळीआधी घराभोवती एक फेरी मारायचीच.

मागचा_सोपा | बुधवार, दुपारी १२:३०

अगदी खरं आहे, सासरे होते तोवर ते मृगाच्या आधी स्वतः शिडी लावून पन्हळी साफ करायचे. ते गेल्यापासून कुणी वर चढलंच नाही. आमचीच चूक आहे ती.

सुरखीचुना दादा, एक विचारायचंय. दुसरा गवंडी आणला होता, तो म्हणाला पाडायची गरज नाही, वरून सिमेंटचा जाड गिलावा मारून देतो, जाळी लावून, पाच दिवसांत होईल. करू का? निदान पावसाळ्यापुरतं?

सुरखीचुना | बुधवार, दुपारी १:०५

नको! कृपा करून नको.

मातीची आणि जुन्या विटांची भिंत श्वास घेते, म्हणजे ओल आत येते आणि बाहेर पडते. वरून सिमेंट मारलं की ओल आत कोंडते, बाहेरून भिंत कोरडी गुळगुळीत दिसते आणि आतली माती चिखल होते, विटांवर क्षार फुटतात, आणि मग एका रात्री गिलाव्यासकट भिंत खाली येते. मी अशा तीन भिंती बघितल्यात, तीनही "पावसाळ्यापुरत्या" सिमेंट मारलेल्या होत्या.

भिंतीला पोट येतं तेव्हा बहुतेक वेळा बाहेरचा थर आतल्या भरावापासून सुटलेला असतो, दोन थरांना बांधणारे दगड-विटा कमी असतात किंवा तुटलेल्या असतात. क्रम असा ठेवा. आज पन्हळ दुरुस्त, पाणी बंद, ताडपत्री. मग तुळईला दोन्ही बाजूंनी धिरे (टेकू), म्हणजे छपराचा भार भिंतीवरून काढून घ्यायचा. मग स्ट्रक्चरल इंजिनिअर. परवानगी आल्यावर एकेक खण घेऊन भिंत उतरवायची, कधीही अख्खी नाही, त्याच विटा साफ करून त्याच जाडीत, त्याच रेषेत, चुन्यात बांधायच्या. विझवून मुरवलेला चुना, वाळू, सुरखी (विटांची पूड). जुने लोक गूळ, बेलफळ, हिरडा घालायचे, तेही करणारे गवंडी अजून मिळतात. तुळई अख्खी बदलायची गरज नसते, पोखरलेलं टोक कापून जुन्या सागाचा तुकडा सांध्याने जोडतात, चांगला सुतार हवा.

तुमची मागची भिंत ६१ नंतरची आहे म्हणालात, तेव्हाच्या कामात सिमेंट निघण्याची शक्यता आहे, तेच पोट यायचं एक कारण असू शकतं, जुना चौक आणि नवी भिंत एकमेकांत नीट विणलेल्या नसतात. उघडल्यावर कळेल.

अर्जाला लागणाऱ्या गोष्टी: प्रॉपर्टी कार्ड, १९९२ च्या आधीच्या मिळकतकराच्या पावत्या किंवा लाइट बिल, आहे तसा मोजून काढलेला नकाशा, दुरुस्तीनंतरचा नकाशा (दोन्हीत उंची आणि लांबीरुंदी तीच!), फोटो, शनिवारवाड्याच्या हद्दीपासूनचं अंतर. कामाच्या वर्णनात काय काय करणार ते साध्या शब्दांत लिहा, किती खण, कुठली तुळई, किती कौलं.

मागचा_सोपा | बुधवार, रात्री १०:००

सासूबाईंना विचारलं जुने कागद कुठे आहेत, त्यांनी देवघराच्या फडताळातून पत्र्याची पेटी काढायला लावली. ६१ च्या पुरानंतर मिळालेल्या मदतीचा कागद, भिंतीच्या कामाचा सासऱ्यांच्या हातचा हिशोब, विटा किती, चुना किती, सिमेंटच्या गोण्या सात. सात गोण्या! दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. आणि १९७१ पासूनच्या कराच्या सगळ्या पावत्या दोऱ्यात ओवलेल्या.

नगारखाना | गुरुवार, सकाळी ७:५०

ताई, तो हिशोबाचा कागद जपून ठेवा, त्याचे फोटो काढून ठेवा. पेठेतल्या एका भिंतीचा साठ वर्षांपूर्वीचा जमाखर्च! शनिवारवाड्याचा १६,११० चा आकडा आपल्याला माहीत आहे तो कुणीतरी असाच कागद जपला म्हणूनच.

आणि उपविधींसाठी पेठेतल्या लोकांनी एकत्र निवेदन द्यायचं ठरलं तर लिहायचं काम मी करतो. त्यात पहिला मुद्दा संडासांचा असेल, सातनंबर.

खोली_नंबर_सात | गुरुवार, सकाळी ८:३०

सही करतो. मालकांचीही आणतो.

मागचा_सोपा | सव्वा महिन्यानंतर, रविवार, संध्याकाळी ५:४५

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून सांगते. अर्ज गेलाय, नंबर मिळालाय. नकाशा काढायला आलेल्या मुलीने दोन दिवस टेप लावून सगळा वाडा मोजला, तेव्हा कळलं की पुढच्या चौकाचे खांब मागच्यापेक्षा चार इंच उंच आहेत, इतकी वर्षं राहून आम्हाला माहीत नव्हतं. जिन्याखालचा संडास नकाशात दाखवलाय. पन्हळ नवीन बसवली, मुलगा स्वतः शिडीवर चढला होता. सहा धिरे लावलेत आणि तुळई आता भिंतीवर टेकलेली नाही. २६४ ची नोटीस आलीच गेल्या आठवड्यात, वकील साहेबांनी सांगितलं तसं इंजिनिअरच्या पत्रासकट उत्तर दिलं, पोच घेतलीय.

खोली नंबर सातचे दादा परवा त्यांच्या मालकांना घेऊन आले होते धिरे बघायला. मालक आजोबा बराच वेळ तुळईखाली उभे होते, मग नकाशावाल्या मुलीचा नंबर घेऊन गेले. सातनंबर दादांच्या आईंनाही आणलं होतं, सासूबाई आणि त्या एकाच शाळेतल्या निघाल्या.

सासूबाई अजून पुढच्या खोलीतच आहेत. रोज सकाळी मागे जाऊन भिंतीवर आम्ही पेन्सिलने मारलेली खूण बघतात, पोट वाढलं का ते. अजून वाढलेलं नाही. भिंत उघडली की फोटो टाकते.